दिल्लीचा उन्हाळा आणि रेल्वेचा रूळ

रेल्वेचा रूळ पाहणाऱ्यास निश्चल वाटतो; परंतु दिल्लीसारख्या विषम हवामानाच्या प्रदेशात तो वर्षभर प्रचंड जोर सोशीत असतो.

रूळ आडवा कापून पाहिल्यास त्याचे तीन भाग दिसतात. जाड माथा चाकांचे घर्षण सोसतो, मधली उभी पट्टी भार खाली पोचविते आणि रुंद तळ तो भार स्लीपरांवर पसरवितो. शुद्ध लोखंड मऊ असल्याने लवकर झिजते. म्हणून रुळाच्या पोलादात सामान्यतः ०.६ ते ०.८ टक्के कर्ब व सुमारे १ टक्का मँगेनीज असते. कर्ब याहून फार वाढविला तर रूळ ठिसूळ होतो.

दिल्लीत जानेवारीच्या पहाटे तपमान कधी कधी ४ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरते. मे-जूनच्या दुपारी हवा ४५ अंशांवर गेली म्हणजे उन्हातील रूळ ६० अंशांपलीकडे तापतो. इतक्या फरकाने १ किलोमीटर मोकळे पोलाद सुमारे ७० सेंटिमीटर लांबेल. पूर्वी यासाठी १३ मीटरच्या रुळांमध्ये फटी ठेवीत. गाडीचा तो परिचित खडखडाट या सांध्यांचाच. आज बहुतेक मुख्य मार्गांवर रूळ वितळजोडाने सांधून अखंड केलेले आहेत.

मग ही वाढ जाते कोठे? टोकांकडील थोडा भाग सोडल्यास स्लीपर व खडी रुळास हलूच देत नाहीत. रोखलेल्या वाढीचे रूपांतर जोरात होते. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात दर अंशामागे हा जोर सुमारे १.९ टन असतो. म्हणून कमाल व किमान तपमानांच्या मध्याहून किंचित अधिक तपमानास रूळ जखडतात. समजा, ते ४० अंश धरले, तर ६० अंशांस सुमारे ३८ टनांचा दाब पडेल आणि ४ अंशांस सुमारे ६८ टनांचा ताण.

दाब अनावर झाला तर मार्ग बाजूस वाकतो. ताणाने दुबळा जोड तुटतो. रूळ तुटण्याचे परिणाम किती भीषण होतात हे २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबातील खन्ना येथे दिसले. तुटलेल्या रुळामुळे गोल्डन टेंपल मेलचे डबे घसरले, त्यांवर दुसरी गाडी आदळली व दोनशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले.

यासाठीच श्रवणातीत ध्वनिलहरींनी रुळातील अदृश्य चिरा शोधतात आणि गँगमन कडक उन्हात व थंडीच्या रात्री पायी गस्त घालतात. रुळालगतची खडीही केवळ दगडांची रास नव्हे. तापलेला रूळ जागेवर धरून ठेवणारी ती एक भक्कम मूठच आहे.