टॅब आला म्हणून गणित येत नाही

लोकवर्गणीतून स्मार्ट टीव्ही आला, भिंतीवर 'डिजिटल शाळा' असं रंगवून झालं, उद्घाटनाचे पाहुणे चहा घेऊन गेले. आता पोरं झपाट्यानं शिकणार, असं गावाला वाटू लागतं. ही समजूत दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशानं फार मोठ्या प्रमाणावर तपासून पाहिली आहे. तिथल्या सरकारनं स्वस्तातले लॅपटॉप लाखांच्या संख्येनं शाळांना वाटले. खेड्यांतल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला. सुमारे १५ महिन्यांनंतरही लॅपटॉप मिळालेली मुलं गणितात आणि भाषेत इतरांच्या पुढे गेलेली नव्हती. बहुतेक शाळांत इंटरनेट नव्हतं, आणि रोजच्या तासाला या यंत्राचं करायचं काय, हे शिक्षकांना कुणी धड सांगितलं नव्हतं.

'म्हणजे सगळं थोतांडच की!' असं म्हणणाऱ्यांनी दिल्लीकडे पाहावं. तिथं सहावी ते नववीच्या मुलांसाठी शाळा सुटल्यावर 'माइंडस्पार्क' या सॉफ्टवेअरचे वर्ग चालत. सोडत काढून काही मुलांना मोफत प्रवेश दिला गेला. साडेचार महिन्यांत या मुलांची गणितातली प्रगती सोडतीत नंबर न लागलेल्या मुलांच्या दुपटीहून अधिक झाली, हिंदीही सुधारलं. कारण साधं होतं. सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं आणि सॉफ्टवेअर त्याला तिथूनच पुढे नेत होतं. शाळेतल्या चाळीस मुलांच्या वर्गात भागाकार न येणाऱ्या मुलालाही बीजगणितच ऐकावं लागतं. शिक्षकाची कितीही इच्छा असली तरी अभ्यासक्रम संपवायचा असतो. पण या दीड तासाच्या वर्गाचा निम्मा वेळ शिकवणारं माणूस समोर असे, हे जाहिरातींत सहसा येत नाही.

'आजकालच्या मुलांना मोबाइल आपल्यापेक्षा जास्त कळतो' हे वाक्य प्रत्येक घरात कौतुकानं म्हटलं जातं. 'असर' या शिक्षणविषयक अहवालाच्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी तो वापरलेले ७६ टक्के, अभ्यासासाठी वापरलेले ५७ टक्के. रील सरकवता येणं वेगळं आणि माहिती शोधून ती खरी की खोटी हे ओळखणं वेगळं. शिवाय घरात फोन आहे म्हणजे मुलीच्या हातात तो येतोच असंही नाही. २०२३ च्या पाहणीत, फोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. व्हॉट्सॲपवर गृहपाठ पाठवताना हे आकडे लक्षात ठेवलेले बरे.

'स्वीडननं शाळांतून कंप्युटर हद्दपार केले' हा मेसेज तुम्हालाही आला असेल. तसं झालेलं नाही. २०२३ मध्ये तिथल्या सरकारनं छापील पुस्तकांसाठी जादा पैसा दिला आणि लहान वयात वाचन व हस्ताक्षरावर भर द्यायचं ठरवलं. याला आधार आहे. २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा माहितीपर मजकूर स्क्रीनपेक्षा कागदावर अधिक चांगला समजतो असं दिसलं, विशेषतः वेळेची मर्यादा असताना. गोष्टी वाचताना मात्र फरक आढळला नाही. तेव्हा इतिहासाची पीडीएफ छापून द्यावी. गोष्ट टॅबवर वाचली तरी चालेल.

राहिलं फुकटचं ॲप. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेनं २०२२ मध्ये ४९ देशांतली १६० हून अधिक शैक्षणिक ॲप आणि संकेतस्थळं तपासली. त्यांतल्या ८९ टक्क्यांच्या माहिती गोळा करण्याच्या पद्धतींमुळे मुलांचे हक्क धोक्यात येत होते किंवा डावलले जात होते. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. पाढ्यांच्या ॲपला लोकेशन आणि फोनमधले सगळे नंबर कशाला हवेत, हे पुढच्या पालकसभेत विचारायला हरकत नाही.