शाळेच्या हद्दीची फेरआखणी
(आरे कॉलनीच्या उदाहरणावरून)

शाळेला हद्द कशासाठी हवी, हा प्रश्न खेड्यातील शिक्षकास सहसा पडत नाही. गाव एक, शाळा एक आणि गावाची शीव तीच शाळेची शीव, अशी तेथील रीत असते. परंतु शहर पसरत पसरत गावाच्या शिवेपर्यंत आले म्हणजे ही सोपी व्यवस्था मोडते. भातखाचरांच्या जागी चाळी व इमारती उभ्या राहतात, मधून रुंद रस्ता जातो, मजुरांच्या नव्या वस्त्या बसतात. एका शाळेत मुलांना बसावयास जागा उरत नाही आणि मैलभरावरील दुसऱ्या शाळेचे वर्ग ओस पडू लागतात. अविभाजित ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत सुमारे 81 लाख होती. 2011 मध्ये ती 1 कोटी 10 लाखांवर गेली. अशा जिल्ह्यात शाळांच्या हद्दी वेळोवेळी तपासून पाहणे हे शिक्षकाच्या कामाचेच एक अंग ठरते.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, शाळेची हद्द म्हणजे भिंत नव्हे. हद्दीबाहेरील मुलास परत पाठवण्यासाठी ती आखावयाची नसते. कोणत्या वस्तीतील मुलांची नोंद, त्यांचा शाळाप्रवेश आणि त्यांची हजेरी यांचे उत्तरदायित्व कोणत्या शाळेवर आहे, हे सांगणारी ती रेषा आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अमलात आला. आपल्या क्षेत्रातील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक बालकाची नोंद ठेवणे हे त्यान्वये स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. ज्या वस्तीवर दोन शाळांची नावे आहेत, तेथील मूल पहिल्या शाळेस दुसरीचे वाटते व दुसरीस पहिलीचे. ज्या वस्तीवर कोणाचेच नाव नाही, तेथील मूल कोणाच्याच हिशेबात येत नाही. हद्दीची चूक कागदावर बोटभर दिसते. तिची किंमत मात्र एखाद्या मुलाचे सारे शालेय वय असू शकते.

ही चूक कशी घडते, हे समजण्यास मुंबई उपनगर जिल्ह्यातील आरे कॉलनीचे उदाहरण उपयोगी पडेल. या जिल्ह्यात जिल्हा परिषद नाही. तेथील प्राथमिक शिक्षणाचा भार बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे आहे. तथापि आज आरेसमोर जे प्रश्न आहेत, तेच थोड्याफार फरकाने ठाणे, पालघर व रायगड जिल्ह्यांतील शहरालगतच्या गावांसमोर उभे आहेत.

शहरातील म्हशींचे गोठे बाहेर हलवून स्वच्छ दूध मिळावे, या हेतूने 1949 मध्ये आरे दुग्धवसाहतीची स्थापना झाली आणि 4 मार्च 1951 रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. वसाहतीचे क्षेत्र सुमारे 1,287 हेक्टर. पुढे 1957 मध्ये मुंबईची हद्द पश्चिम रेल्वेवर दहिसरपर्यंत आणि मध्य रेल्वेवर मुलुंडपर्यंत वाढली. 1977 मध्ये आरेलगत चित्रनगरी उभी राहिली. पश्चिमेस गोरेगाव, पूर्वेस पवई व दक्षिणेस मरोळ या बाजूंनी वस्ती दाटत गेली. उत्तरेस राष्ट्रीय उद्यानाचे जंगल राहिले. परंतु या सर्वांच्या आधीपासून तेथे वारली, कोकणा, मल्हार कोळी इत्यादी आदिवासींचे पाडे आहेत. केल्टीपाडा, खांबाचा पाडा, हबाळेपाडा, जीवाचा पाडा असे सत्तावीस पाडे तेथे मोजले जातात.

आरेचा नकाशा पुढे ठेवला, तर त्यावर रेषांची वाण नाही. गोठ्यांना युनिट क्रमांक दिलेले आहेत आणि माणसेही आपला पत्ता त्याच क्रमांकाने सांगतात. महापालिकेच्या प्रभागांची रेषा वेगळी, वनक्षेत्राची वेगळी, महसुली गावांची वेगळी. यांतील प्रत्येक रेषा कोणत्या ना कोणत्या योग्य कामासाठी आखली गेली आहे. मात्र सहा वर्षांचे मूल सकाळी शाळेत कसे पोहोचेल, हा विचार करून आखलेली रेषा त्यांत एकही नाही. तयार रेषा उचलून तीच शाळेची हद्द मानणे, हा फेरआखणीतील सर्वांत मोठा प्रमाद होय. गावाची शीव, ग्रामपंचायतीचा वॉर्ड किंवा बिल्डरने घातलेले कुंपण यांनाही हेच लागू आहे.

मग प्रारंभ कोठून करावा? तर वस्तीपासून. 1957 साली झालेल्या पहिल्या अखिल भारतीय शैक्षणिक पाहणीने महसुली गावाऐवजी वस्ती हा घटक धरला, तो याच कारणाने. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने कनिष्ठ प्राथमिक शाळा मुलाच्या घरापासून सुमारे मैलाच्या आत असावी, असे सुचवले. आजचे नियम पहिली ते पाचवीसाठी 1 किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी 3 किलोमीटर अंतर सांगतात. हे अंतर चालण्याचे आहे, नकाशावर पट्टी ठेवून मोजण्याचे नव्हे. केंद्राच्या 2010 च्या नियमांत आणखी एक महत्त्वाची तरतूद आहे : दरडी, पूर, रस्त्यांचा अभाव किंवा लहान मुलांना वाटेत धोका असेल, तेथे ही मर्यादा कमी करून धोका टाळावा.

आरेत या तरतुदीचा अर्थ लगेच कळतो. झाडीतील पाऊलवाट, पावसाळ्यात भरून वाहणारा ओढा, भरधाव वाहनांचा रस्ता आणि बिबट्याचा वावर या सर्वांची बेरीज म्हणजे तेथील खरे अंतर. ऑक्टोबर 2022 मध्ये आरेत बिबट्याच्या हल्ल्यात सोळा महिन्यांच्या बालिकेचा मृत्यू झाला. अशा ठिकाणी आठशे मीटरवरची शाळा जंगलवाटेमुळे दूर ठरू शकते आणि बाराशे मीटरवरची शाळा उजेडाच्या, वाहत्या रस्त्यामुळे जवळची ठरू शकते. आपल्या गावी बिबट्या नसेल. पण महामार्ग असेल, रेल्वेरूळ असेल, खाडीचा सांकव असेल किंवा दगडाची खाण असेल.

दुसरी गोष्ट भाषेची. आरेतील गोठ्यांवर काम करणारी पुष्कळ कुटुंबे उत्तर भारतातून आलेली आहेत. त्यांच्या मुलांचे बोल हिंदी. पाड्यांतील मुलांच्या कानी वारली बोली व मराठी. एका माध्यमाच्या शाळेसाठी आखलेली हद्द दुसऱ्या माध्यमाच्या शाळेला लागू पडत नाही. प्रत्येक माध्यमाची हद्द स्वतंत्र आखावी लागते.

तिसरी गोष्ट पटाची. 2009 च्या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक, तर 61 ते 90 मुलांस तीन शिक्षक असावेत. समजा, एका शाळेचा पट 64 आहे. तिच्या हद्दीतून पाच मुलांची एक वस्ती काढून शेजारच्या शाळेस जोडली, तर पट 59 होतो आणि तिसऱ्या शिक्षकाचा आधार जातो. म्हणजे पाच मुलांच्या बदलाचा भार उरलेल्या 59 मुलांवर पडतो. यास्तव फेरआखणीचा प्रस्ताव करताना एकाच शाळेचा पट पाहून भागत नाही. शेजारच्या सर्व शाळांचे पट एकत्र मांडूनच निर्णय घ्यावा लागतो.

चौथी गोष्ट सर्वांत नाजूक आहे. हद्दीची रेषा मुलांना एकत्र बसवू शकते, तशी वेगळेही करू शकते. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील टोपेका शहरी लिंडा ब्राउन या कृष्णवर्णीय मुलीस घराजवळची शाळा सोडून, रेल्वेचे रूळ ओलांडून बस गाठावी लागे व दूरच्या शाळेत जावे लागे, कारण जवळची शाळा गोऱ्यांची होती. 17 मे 1954 रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने अशी विभागणी घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे तसा कायदा नाही. तथापि नव्या इमारतींची मुले एका शाळेत आणि पाड्यावरची दुसऱ्या शाळेत, असे सोयीच्या नावाखाली घडत असेल, तर शिक्षकाने ते वेळीच ओळखले पाहिजे.

प्रत्यक्ष काम पुढील क्रमाने करता येईल. तलाठ्याकडील गावनकाशावर प्रत्येक वस्ती, वाडी, पाडा, वीटभट्टी व मजुरांचा तळ खुणेने दाखवावा. घरोघर जाऊन शून्य ते चौदा वयाच्या मुलांची यादी करावी. पुढील पाच वर्षांत पहिलीत येणारी मुले तीतूनच कळतात. प्रत्येक वस्तीपासून शाळेपर्यंत शिक्षकाने स्वतः चालावे, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा भर पावसात, आणि लागलेली मिनिटे लिहून ठेवावीत. खोल्या व शिक्षक यांचा ताळा यादीशी घालावा. आखणीचा कच्चा मसुदा शाळा व्यवस्थापन समितीपुढे आणि वस्तीवरील आयाबायांपुढे वाचून दाखवावा. वाटेचा धोका त्यांना अधिक ठाऊक असतो. आधीच शिकत असलेल्या मुलास नव्या हद्दीपायी शाळा बदलावी लागू नये आणि भावंडांची ताटातूट होऊ नये, अशी शिफारस प्रस्तावात स्पष्ट लिहावी. त्यानंतर केंद्रप्रमुखांच्या मार्फत प्रस्ताव गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवावा.

हद्द एकदा आखली म्हणजे कायमची झाली, असेही मानू नये. आरेत मेट्रोच्या कारशेडसाठी प्रजापूरपाड्यातील कुटुंबांना जागा सोडावी लागली. वस्ती हलते तेव्हा मूल एका हजेरीपटावरून उतरते. दुसऱ्या पटावर ते आपोआप चढत नाही. अशा वेळी जुन्या शाळेने नव्या शाळेस नावे कळवावीत आणि नव्या शाळेने शाळा सोडल्याच्या दाखल्याची वाट न पाहता मुलास वर्गात बसवावे. दाखला नसल्याच्या कारणाने प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हे कायद्यातच नमूद आहे.

प्रत्येक मुख्याध्यापकाने आपल्या हद्दीतील वस्त्यांची यादी कार्यालयाच्या भिंतीवर लावावी आणि जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी ती शेजारच्या शाळेच्या यादीशी ताडून पाहावी. दोन्ही याद्यांत नसलेली वस्ती आढळली, तर ती कोणाची या वादात दिवस न घालवता त्याच दिवशी तेथे जाऊन मुलांची नावे लिहून घ्यावीत. हद्दीचा निर्णय वरून येण्यास वेळ लागेल. मुलाचे नाव मात्र तोवर पटावर असले पाहिजे.