वाफसा चुकवू नका

बियाणे, खते आणि हुमणी याखेरीज मी तुमच्याशी फारसे काही बोलत नाही. आज थोडे वेगळे बोलणार आहे. ते तुमच्या बांधापासून फार लांबचे नाही, हे पुढे लक्षात येईलच.

पुण्याचे येरवडा म्हटले की आपल्याला तुरुंग आठवतो, नाहीतर मनोरुग्णालय. सिनेनट संजय दत्त २०१३ ते २०१६ या काळात इथल्या तुरुंगात शिक्षा भोगत होता, तेव्हा शेतकी कॉलेजात प्रदर्शनाला आलेले आपले लोकही ‘तो कुठे असतो हो?’ म्हणून विचारीत. ती शिक्षा बेकायदा शस्त्र बाळगल्याची. पण त्याच्याही तीस वर्षे आधी हा माणूस एका वेगळ्याच फासात अडकला होता. ती हकीकत त्याने स्वतःच जाहीरपणे अनेकदा सांगितली आहे, म्हणून इथे लिहायला संकोच नाही.

आई नर्गिस, वडील सुनील दत्त. घरात पैसा, नाव, कशाची वाण नाही. तरी पोरगा कॉलेजच्या वयात मादक पदार्थांच्या नादी लागला. ३ मे १९८१ रोजी आई कर्करोगाने गेली आणि अवघ्या काही दिवसांत त्याचा पहिला मोठा चित्रपट ‘रॉकी’ झळकला. व्यसन वाढतच गेले. एके दिवशी जाग आल्यावर त्याने गड्याकडे जेवायला मागितले. गडी रडायलाच लागला. म्हणाला, तुम्ही दोन दिवसांनी उठता आहात! संजयने आरशात तोंड पाहिले आणि तसाच उठून वडिलांकडे गेला. मी मरतो आहे, मला वाचवा, एवढेच त्याचे मागणे होते.

सुनील दत्तांनी त्याला आधी मुंबईत इस्पितळात ठेवले आणि मग अमेरिकेत व्यसनमुक्ती केंद्रात नेले. आईने आजारपणात ध्वनिफितीवर बोलून ठेवलेले शब्द त्याच्या कानी तिथे पडले. आई गेली तेव्हा न रडलेला मुलगा त्या दिवशी पोटभर रडला. पुढे १९८६ साली ‘नाम’ चित्रपटाने तो पुन्हा उभा राहिला.

आता तुम्ही म्हणाल, साहेब, त्यांना अमेरिका परवडते, आम्ही कुठे जायचे? तर त्याच १९८६ साली, त्याच येरवड्यात मुक्तांगण सुरू झाले. डॉ. अनिल अवचट यांनी तेव्हा गर्दच्या व्यसनात सापडलेल्या पोरांवर लिहिले होते. त्यांच्या पत्नी डॉ. सुनंदा मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी आपल्या प्रतिष्ठानातून पैसा दिला आणि मनोरुग्णालयाच्या आवारातच काम सुरू झाले. पुढे स्वतंत्र इमारत झाली. पस्तीस दिवस राहून उपचार घ्यायचे, आणि घरी गेल्यावरही पाठपुरावा चुकवायचा नाही, अशी तिथली रीत. पूर्वी स्वतः व्यसनी असलेली माणसेच तिथे नव्या आलेल्याला समजावतात. बायकांसाठी ‘सहचरी’ नावाचा वेगळा गट आहे. मला हे फार मोलाचे वाटते, कारण दारू नवरा पितो आणि बोल मात्र बायकोला लागतो.

आपल्याकडे गर्द कमी, दारू फार. पण रोग एकच. रोग हा शब्द मी जाणून वापरतो. आपण त्याला खोड म्हणतो, शपथा घालतो, देवाची माळ घालतो. माळ निघते आणि पुन्हा सुरू होते, कारण शरीर आणि मेंदू दोन्ही त्या विषाला सरावलेले असतात. हरळी एका नांगरटीत जाते का? सहा महिने सुटून पुन्हा घसरला, तर उपचार फुकट गेला असे समजू नका. पुन्हा न्या.

दोन धोके मात्र सांगून ठेवतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याला एकदम कोंडून दारू तोडू नका. हातपाय कापणे, भास होणे, फिट येणे, प्रसंगी जीव जाणे, इथवर मजल जाते. डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवा. दुसरे म्हणजे, ‘न कळत भाजीत घाला’ अशा जाहिरातींची पुडी घरात आणू नका. त्यात डायसल्फिरामसारखे औषध असले आणि वर माणूस प्याला, तर रक्तदाब एकदम खाली येऊन तो दगावू शकतो. हे औषध डॉक्टर देतात, पण रोग्याला सांगून.

आता माझी गोष्ट. माझ्या जुन्या तालुक्यात एक ऊस बागायतदार होता. पट्टा पद्धत पहिली त्याने केली, माझी सगळी प्रात्यक्षिके त्याच्या रानात. तो पितो हे मला ठाऊक होते, पण शिवारफेरीच्या दिवशी तो शुद्धीवर असला की माझे भागत होते. एकदा सकाळीच तो ऑफिसच्या पायरीवर येऊन बसला. म्हणाला, ‘साहेब, हे माझ्याच्यानं सुटत न्हाई, कुठंतरी न्या मला.’ माझ्यामागे मेळाव्याची घाई होती. मी म्हणालो, ‘ऊस जाऊ द्या कारखान्याला, मग बघू.’ मार्गशीर्षात ऊस गेला. तो त्याआधीच, कार्तिकात गेला.

पाऊस उघडल्यावर वाफसा किती दिवस टिकतो हे मी लोकांना वीस-पंचवीस वर्षे शिकवत होतो. तेवढ्यात पेरले तर पेरले, नाहीतर रान वाळते. व्यसनी माणूस ‘मला न्या’ म्हणतो ती वेळ तशीच असते. बहुधा सकाळची, काल रात्रीची लाज अजून अंगावर असताना. दुपारपर्यंत ती निघून जाते. त्या वेळी भाषण देऊ नका, मागचा हिशेब काढू नका. पिशवी भरा आणि एसटी धरा. कुठे न्यावे कळत नसेल तर १४४४६ हा सरकारी फोन आहे, पैसे पडत नाहीत.

मागच्या आषाढात त्याच गावातून मला फोन आला. बागायतदाराचा पुतण्या रात्री आईजवळ रडला होता. पेरणी तोंडावर होती, दोन एकर सोयाबीनचे बी घरात येऊन पडले होते. मी म्हटले, तसेच निघा. भर पावसात स्वारगेटला दोघे मायलेक उतरले, तिथून आम्ही तिघे रिक्षाने येरवड्याला गेलो. सोयाबीन भावकीने पेरले.