हितनं बांबू

पहाटे ५:१५
कुंभारगाव, तालुका इंदापूर. जानेवारीची थंडी, उजनीच्या फुगवट्यावर धुकं. होडीवाले तात्या आधी रात्रीचं जाळं ओढतात. पाहुणे नंतर. सात किलो चिलापी, एक रोहू. चिलापीचे काटे बोटांत घुसतात, म्हणून अंगठ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी. मुलगा मोटारसायकलवरून टोपलं भिगवणच्या बाजारात नेतो. चिलापीला मोठा भाव नसतो, पण घरचा किराणा तीच भागवते.

सकाळी ६:४५
पुण्याहून सोलापूर रस्त्यानं आलेलं कुटुंब काठावर उभं. फेरीचे हजार रुपये, माणसं सहा. तात्या जॅकेटं बांधून देतात. लहान मुलीचा पट्टा दोनदा ओढून बघतात.

सकाळी ७:१५
समोर उथळ पाण्यात फ्लेमिंगो. इंजिन बंद. तात्या बांबू उचलतात. तळाला रोवायचा, अंगाचा भार टाकायचा, उपसायचा. गाळ बांबूला सोडत नाही. खांदे भरून येतात. पक्षी चोच उलटी करून शेवाळ आणि बारीक किडे गाळून खातायत. पंखांचा गुलाबी रंग त्याच खाण्यातून येतो.

"काका, जरा उडवा ना. फोटो छान येईल."

"न्हाई दादा. हितनं म्होरं न्हाई. उठली की त्यांचं खाणं मोडतं."

पैसे दिलेल्या माणसाला नाही म्हणायचं, आणि त्यानं रुसूही नये असं म्हणायचं. बांबू रेटण्यापेक्षा मला हेच काम अवघड वाटलं. होडी थांबते. कुणी बोलत नाही. थोड्या वेळानं दोन पक्षी चरत चरत आपणहून जवळ सरकतात. मुलगी आईचा हात घट्ट धरते.

सकाळी १०:३०
दुसरी फेरी. चित्रबलाक, आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब. वारं सुटतं, होडी डुलते. आता गिऱ्हाईक थांबेल.

दुपारी १:००
घरी काकींनी तव्यावर चिलापी टाकलीय, बाजूला बाजरीच्या भाकरी. दोन गाड्यांतली माणसं ओसरीवर जेवतायत. तात्या चुलीपाशी बसतात. सकाळपासून पेट्रोल दोन लिटर, म्हणजे दोनशेच्या वर गेले. तेलाचा डबा संपत आलाय.

दुपारी ४:००
काठावरच्या खुंटाला खिळ्याची खूण. "चार बोटं उतरलं." उजनी धरण १९८० साली पुरं झालं, ११७ टीएमसीचं. तात्यांच्या वडलांची काळी जमीन याच पाण्याखाली. उन्हाळ्यात काठ उघडा पडतो, तिथं काहीजण गाळपेर करतात. पाणी तुडुंब राहिलं तर फ्लेमिंगोला घोटाभर पाणी सापडत नाही. फार उतरलं तर होडी रुतते. तात्या रोज खिळा बघतात. पाणी सोडायचं ठरतं दुसरीकडे.

सायंकाळी ६:३०
जाळ्याला दोन भोकं पडलीत. नायलॉनच्या दोऱ्यानं ती शिवून तात्या पुन्हा पाण्यात जातात. जाळ्याच्या टोकाला रिकामी बाटली बांधलेली, खुणेसाठी.

"उद्या पाच गाड्यांचा फोन हाय," ते सांगतात. मग बॅटरी मारून बाटली दिसते का बघतात.