लगोरी फोडणारे यंत्र

लगोरीचा खेळ ज्यांनी लहानपणी मनापासून खेळला असेल, त्यांना एक गोष्ट कोणी न शिकवताच कळलेली असे; ती ही की, अंगातला सारा जोर एकवटून चेंडू मारणाऱ्या भिडूपेक्षा वरच्या दोन-तीन ठिकऱ्या अलगद पाडणारा भिडू आपल्या बाजूस अधिक उपयोगी, कारण विखुरलेल्या ठिकऱ्या पुन्हा रचण्याचे काम आपलेच असते आणि ते करीत असता पाठीवर बसणारे रबरी चेंडूचे रट्टेही आपल्याच वाट्यास येतात.

ऑगस्ट २०२२ मध्ये नवी दिल्ली येथे भरलेल्या ‘रोबोकॉन’ या आशिया-पॅसिफिक स्पर्धेत हाच खेळ अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे समस्या म्हणून मांडला गेला. २००२ साली टोकियो येथे आरंभ झालेल्या या स्पर्धेचा विषय यजमान देश बहुधा आपल्या परंपरेतून निवडतो. २००८ साली ती पुण्यात भरली तेव्हा विषय होता गोविंदा. दिल्लीत खाली मोठी आणि वर लहान अशा पाच चकत्यांची लगोरी होती. एका यंत्रमानवाने तीन चेंडूंत ती फोडावयाची, दुसऱ्याने डोक्यावर चेंडू तोलीत ती पुन्हा रचावयाची, आणि तो डोक्यावरचा चेंडू पाडण्यासाठी प्रतिपक्षाने नेम धरावयाचा, अशी तजवीज होती.

चेंडू फेकण्याचे मार्ग अनेक आहेत. ताणलेला रबर स्वस्त खरा, पण वारंवारच्या ताणाने तो सैल पडतो. दाबलेल्या हवेने ढकलला जाणारा दट्ट्या चपळ असतो, पण टाकीतील दाब प्रत्येक फेकीनिशी उतरत जातो. म्हणून पुष्कळांची निवड क्रिकेटच्या सरावातील गोलंदाजी यंत्राप्रमाणे समोरासमोर उलट दिशांनी फिरणाऱ्या दोन चाकांवर येऊन ठरते. चाकांमधली फट चेंडूच्या व्यासाहून किंचित कमी ठेवली की चेंडू दाबला जाऊन चाकांच्या कडेचा वेग उचलतो. (एकच चाक लावून दुसऱ्या बाजूस स्थिर पट्टी ठेवल्यास खर्च वाचतो, परंतु चेंडू पट्टीवरून घरंगळत जात असल्यामुळे त्यास कडेच्या वेगाच्या निम्माच वेग मिळतो.) १० सेंटिमीटर व्यासाचे चाक मिनिटास सुमारे १,९०० फेरे घेऊ लागले म्हणजे त्याच्या कडेचा वेग सेकंदास १० मीटर भरतो.

आता हिशेब पाहावा. लगोरी ५ मीटरवर आहे, चेंडू सेकंदास १० मीटर वेगाने आडवा सुटला आहे, आणि हवेचा विरोध तूर्त बाजूस ठेवला आहे, असे धरले, तर अर्ध्या सेकंदात तो सुमारे १२२ सेंटिमीटर खाली येतो. वेगात शेकडा पाच तूट आली तर आणखी १३ सेंटिमीटर. वेग दुप्पट केला असता तेवढ्याच तुटीने फरक पडतो तो जेमतेम ३ सेंटिमीटरांचा. म्हणजे नेमाचा विचार वेगाच्या बाजूने कौल देतो, तर रचणाऱ्या सोबत्याची सोय नेमकी त्याविरुद्ध. आणि सोबत्याची सोय राखावयाची तर वेग बेताचा ठेवून तो प्रत्येक फेकीस तंतोतंत तोच राहील, हे पाहणे ओघानेच आले.

येथेच खरे काम सुरू होते. चेंडू सुटताना चाकातील ऊर्जेचा काही अंश घेऊन जातो, त्यामुळे लागोपाठचा दुसरा चेंडू हटकून खाली पडतो. यावर उपाय असा की, चाकाची कड जड करावी, फेरे मोजणारा संवेदक बसवावा, आणि वेग पूर्ववत झाल्याखेरीज पुढचा चेंडू आत सोडू नये. शिवाय चेंडू प्रत्येक वेळी त्याच जागी, त्याच जोराने फटीत शिरला पाहिजे. चेंडूंनाही स्वभाव असतात. एकात हवा कमी, दुसऱ्याचा पृष्ठभाग नवा व गुळगुळीत. म्हणून शहाणे विद्यार्थी चेंडूंवर क्रमांक घालतात आणि प्रत्येक फेक कोठे लागली, बॅटरीचा दाब किती होता, हे वहीत दिनांकवार टिपून ठेवतात. असली जमाखर्चाची वही ज्या चमूजवळ नाही, त्याच्या यंत्राविषयी मला तरी भरवसा वाटत नाही.

इतके साधल्यावर पाळी बदलते. जे यंत्र आता लगोरी अलगद फोडीत होते, त्यालाच प्रतिपक्षाच्या यंत्रमानवाच्या डोक्यावरील हलत्या चेंडूवर नेम धरावयाचा असतो. तेथे मंद वेग चालत नाही, कारण चेंडू पोहोचेपर्यंत लक्ष्य सरकलेले असते. चाक झटपट वेग घेईल तर बरे, असे तेव्हा वाटू लागते. आणि ज्या कडेवर मोठ्या विचाराने वजन चढविले होते, तिच्यातील काही ग्रॅम पुन्हा उतरविण्यासाठी तेच चाक रात्री उशिरा लेथवर चढते.