ईआरसीपीनंतर पोट दुखलं तर

पित्तनलिकेत खडा अडकला की डॉक्टर बहुधा ईआरसीपी सुचवतात. तोंडावाटे दुर्बीण लहान आतड्याच्या सुरुवातीला न्यायची, तिथल्या बारीक उंचवट्यातून पित्तनलिकेत शिरायचं आणि खडा काढायचा. पोटावर एक टाका नाही; अमेरिकेत बरेच जण त्याच संध्याकाळी घरी जातात. अडचण अशी की स्वादुपिंडाची नळीही बहुतेकांमध्ये त्याच तोंडाशी उघडते. तार चुकून तिकडे जाते, तोंडाशी सूज येते आणि कधी कधी स्वादुपिंडाचा दाह सुरू होतो. बहुतेकांना काही दिवसांत बरं वाटतं. काहींचा मात्र जीव जातो.

म्हणून 2012 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला अमेरिकेतला अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो. त्यातले 602 रुग्ण बहुतेक जास्त धोक्याचे होते. काहींना ईआरसीपी संपताच इंडोमेथासिनच्या दोन सपोझिटरी दिल्या, बाकीच्यांना औषध नसलेल्या. दाह झाला अनुक्रमे 9.2 आणि 16.9 टक्के लोकांना. सांधेदुखीवरचं जुनं औषध! पण जुनं म्हणजे स्वस्त, हे गणित अमेरिकेत चालत नाही. तिथे या डोसची किंमत पुढे शेकडो डॉलरवर गेली. आपल्याकडे केमिस्टकडे मिळणारी डायक्लोफेनॅकची सपोझिटरीही हेच काम करते, पण ती तिथल्या बाजारातच नाही.

मग स्वादुपिंडाच्या नळीत तात्पुरता स्टेंट घालायची कटकट टाळता येईल का? अमेरिका आणि कॅनडातल्या 1950 रुग्णांवरच्या, 2024 साली छापून आलेल्या अभ्यासात नुसत्या औषधावर 14.9 टक्के, औषध आणि स्टेंट दोन्ही दिल्यावर 11.3 टक्के लोकांना दाह झाला. म्हणजे जास्त धोक्याच्या रुग्णांना स्टेंट हवाच.

एवढं करूनही दाह झालाच, तर सलाईन, वेदनाशामक आणि बारीक लक्ष. पण आधी दुखणं कशाचं हे ठरवावं लागतं. आतड्याला छिद्र पडल्याची शंका असेल तर सीटी स्कॅन लगेच हवा. थंडी वाजून ताप आला तर पित्तनलिकेतला संसर्ग. काळी शौच झाली तर रक्तस्राव, आणि तो काही दिवसांनीही होऊ शकतो.

अमेरिकेत मुलांकडे राहायला आलेले आईबाबा नेमकी इथेच पंचाईत करतात. ‘गॅस असेल, उगाच बिल कशाला,’ म्हणत रात्र काढतात. पाठीत जाणारं, वाढत जाणारं दुखणं किंवा उलट्या असतील तर डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर लगेच फिरवा आणि ईआरसीपी कधी झाली ते आधी सांगा.