मनालीला बर्फ बघायला निघालाय? मग बर्फ कधी पडतो आणि गाडी कुठे अडकते, हे आधी समजून घ्या

डिसेंबर उजाडला की आपल्याकडे एक बातमी हमखास येते : महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठले! गाड्यांच्या टपावर, गवतावर पांढरा थर, आणि त्या थराचे फोटो दुपारपर्यंत प्रत्येक ग्रुपवर. गंमत म्हणजे हा बर्फ आकाशातून पडलेला नसतो. ढग नसलेल्या रात्री जमिनीची उष्णता झपाट्यानं निघून जाते, जमिनीलगतची हवा शून्याच्या आसपास येते आणि तिथलं दव जागीच गोठतं. सूर्य वर आला की खेळ खल्लास.

आकाशातून भुरभुरणारा बर्फ बघायचा तर हिमालय गाठावा लागतो. चार दिवसांची रजा, हाताशी थोडेफार पैसे आणि घरात लहान मूल असेल तर बहुतेकांची गाडी मनालीवर येऊन थांबते. तिथे गेलेले अर्धे लोक "अरे, बर्फच नव्हता" म्हणत परत येतात, आणि काही जण "बर्फ इतका होता की रात्र गाडीत काढली" असं सांगतात. दोन्ही खरं असतं. कसं, ते बघू.

बर्फ येतो कुठून?

आपल्याकडचा पाऊस मान्सूनचा. हिमाचलातला हिवाळी बर्फ मात्र पश्चिमेकडून येतो. भूमध्य समुद्र, कॅस्पियन समुद्र या भागात तयार झालेल्या कमी दाबाच्या प्रणाली वरच्या हवेतल्या वेगवान वाऱ्यांबरोबर इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत हिमालयावर येऊन आदळतात. बातम्यांमध्ये 'पश्चिमी विक्षोभ' म्हणतात ते हेच. विक्षोभ जोरदार असेल तर एका रात्रीत दोन फूट बर्फ, आणि आलाच नाही तर महिनाभर कोरडं ऊन. जानेवारी २०२४ मध्ये तेच झालं होतं. ऐन हंगामात गुलमर्गचे उतार मातकट दिसत होते, हिमाचलही कोरडंच होतं. खरा बर्फ आला तो महिना संपता संपता.

म्हणजे २५ डिसेंबरचं बुकिंग केलं म्हणून बर्फ २५ डिसेंबरला येत नाही. मनाली शहरात बर्फ पडण्याची शक्यता जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जास्त. नाताळच्या आठवड्यात गर्दी आणि दर दोन्ही वर असतात, बर्फाची खात्री मात्र कमी. शाळेच्या सुट्टीचं गणित असेल तर इलाज नाही. पण ज्यांना रजा कधीही मिळते त्यांनी नाताळात का जावं, हे मला तरी कळत नाही.

दुसरी गोष्ट उंचीची. साधारण दर १००० मीटरमागे तापमान ६ ते ६.५ अंशांनी उतरतं. मनाली सुमारे २०५० मीटरवर आहे. तिथून १३ किलोमीटरवरचं सोलंग त्याहून पाचेकशे मीटर उंच, आणि अटल बोगद्यापलीकडचं सिस्सू ३१०० मीटरच्या आसपास. मनालीच्या मॉल रोडवर पाऊस पडत असतो तेव्हा सिस्सूत बर्फ पडत असतो, तो या फरकामुळे.

३ ऑक्टोबर २०२० ला ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा सुरू झाला आणि हिवाळी मनालीचं चित्रच बदललं. आधी ३९७८ मीटरवरची रोहतांग खिंड बर्फानं बंद झाली की लाहौल खोरं महिनोन् महिने तुटायचं. आता पर्यटक सकाळी निघून दुपारी लाहौलच्या बर्फात खेळून परत येतो. एक मात्र ध्यानात ठेवा : बोगद्यात गाडी थांबवायला बंदी आहे. आत नाचून रील काढणाऱ्यांवर पोलिसांनी कारवाई केलेली आहे.

जाताना पोहोचता, येताना अडकता

डिसेंबर २०२४ मध्ये नाताळच्या तोंडावर सोलंग ते अटल बोगदा या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या तासन् तास अडकल्या. पोलिसांनी शेकडो पर्यटकांना रात्री बाहेर काढलं. हे दरवर्षी कमीअधिक प्रमाणात होतं आणि त्याचं कारण फार साधं आहे.

दिवसा उन्हानं रस्त्याकडेचा बर्फ वितळतो आणि पाणी डांबरावर पसरतं. साडेतीन-चारला सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी काचेसारखं गोठतं. त्याखालून काळं डांबर दिसत राहतं, म्हणून त्याला ब्लॅक आइस म्हणतात. आपल्याला वाटतं रस्ता नुसता ओला आहे. त्यावर ब्रेक दाबला की चाक थांबतं, पण गाडी पुढे जातच राहते. एक गाडी आडवी झाली की मागच्या सगळ्या चढावर थांबतात, आणि बर्फावर चढात थांबलेली गाडी परत उचलणं हेच सर्वात कठीण काम.

म्हणून वेळ उलटी धरा. सकाळी सात-साडेसातला मनाली सोडा, दुपारी दोनच्या आत परतीला लागा. स्वतःची गाडी असेल तर ती हॉटेलवर ठेवा आणि स्थानिक फोर-बाय-फोर करा. बर्फ पडल्यावर पोलीस तसंही नेहरूकुंडाच्या पुढे फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेल्या गाड्यांनाच सोडतात. तिथे "आम्ही वरंधा घाटात रोज चालवतो" हे सांगून उपयोग नाही. घाट चालवण्याचं कसब वेगळं आणि बर्फ वेगळा.

आता सगळ्यात महत्त्वाचं

जानेवारी २०२२. पाकिस्तानातलं मरी हे थंड हवेचं ठिकाण. बर्फ बघायला हजारो गाड्या चढल्या, रात्री वादळ आलं, रस्ता बंद झाला. सकाळी गाड्यांमध्ये किमान २२ जण मृतावस्थेत सापडले, त्यात लहान मुलं होती. काही थंडीनं गेले. काहींच्या बाबतीत कार्बन मोनॉक्साइडचा संशय व्यक्त झाला.

ऊब म्हणून इंजिन आणि हीटर चालू ठेवला जातो. बाहेर बर्फ साचत जातो आणि सायलेन्सरचं तोंड बुजतं. धूर मागे न जाता गाडीखालून आत झिरपतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. माणसाला डोकेदुखी, मळमळ, मग झोप येते. प्रवासाचा शीण समजून आपण डोळे मिटतो.

बर्फात गाडी अडकलीच तर आधी उतरून सायलेन्सरभोवतीचा बर्फ बाजूला करा आणि दर वेळी इंजिन सुरू करण्याआधी पुन्हा करा. इंजिन सलग नाही, तासाला दहा मिनिटं चालवा. वारा येत नसेल त्या बाजूची काच बोटभर उघडी ठेवा. सगळे एकदम झोपू नका. अंधारात गाडी सोडून पायी निघू नका. ११२ ला फोन करा आणि गाडीतच थांबा.

हाच धोका खोलीतही असतो. हिमाचली घरात धातूचा 'तंदूर' पेटवतात, त्याला छतातून बाहेर जाणारी नळी असते. ते ठीक. पण दारं-खिडक्या लावून कोळशाची उघडी शेगडी खोलीत घेऊन झोपायचं नाही, हॉटेलवाल्यानं प्रेमानं आणून दिली तरी. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हवा जायला झरोका आहे का, ते आधी बघा.

कपडे, पैसे, फोन

सोलंगच्या वाटेवर लाँगकोट आणि गमबूट भाड्यानं देणारी ओळीनं दुकानं आहेत. ड्रायव्हर त्याच्या ओळखीच्या दुकानापाशी थांबणार, भाव करायला लाजू नका. आतले कपडे मात्र घरूनच न्या : अंगालगत थर्मल, वर लोकर, बाहेर वारा अडवणारं जाकीट. जीन्स आणि सुती मोजे भिजले की वाळत नाहीत, आणि ओलं कापड अंगातली ऊब ओढून घेतं. मोज्यांचे जास्तीचे जोड जवळ ठेवा. गॉगल आणि सनस्क्रीन चैन नव्हे. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो, नाक आणि हनुवटी खालून भाजतात.

थंडीत फोनची बॅटरी धडाधड उतरते, म्हणून फोन आणि पॉवर बँक आतल्या खिशात. वीज किंवा नेटवर्क गेलं की यूपीआय चालत नाही, तेव्हा थोडी रोकड हवीच.

तीन रात्री असतील तर पहिल्या दिवशी देवदारांमधलं १५५३ सालचं हिडिंबा मंदिर आणि जुनं मनाली, दुसऱ्या दिवशी हवामान बघून सोलंग किंवा सिस्सू, तिसरा दिवस मोकळा. त्या दिवशी नग्गरला जाता येतं, नाहीतर आदल्या दिवशी हुकलेला बर्फ गाठता येतो. मुंबई-पुण्याहून विमानानं किंवा रेल्वेनं चंदीगड आणि पुढे सुमारे ३०० किलोमीटर रस्ता. परतीचं विमान मनाली सोडाल त्याच दिवशीचं ठेवू नका.

संक्रांतीनंतर जात असाल तर एक बाब. मनालीजवळच्या गोशाल आणि आसपासच्या गावांत संक्रांतीपासून ४२ दिवस मौन पाळतात. देव स्वर्गात गेलेत अशी श्रद्धा, म्हणून मोठा आवाज, टीव्ही, शेतीची कामं बंद. लाहौलमधली काही गावंही याच सुमारास देवकार्यासाठी पर्यटकांना थांबवतात. सिस्सूचा बेत असेल तर निघण्याआधी हॉटेलवाल्याला तेवढं विचारून घ्या.